जिवंत शून्य

काकीने तो जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. चिंचणीच्या घरात, माजघराच्या कोपऱ्यात, तांदळाच्या पिंपाशेजारी, खाली दोन विटा आणि वर पाट. ओल चढू नये म्हणून. पंधरा पावसाळे त्याने त्या पाटावर काढले. "ने बाय तुझ्याकडे," ती म्हणाली. "भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला. दोनदा मी त्याला परत पाठवला. माझ्यामागे कोण पाठवणार?"

आषाढ होता. बोईसरपर्यंतच्या रिक्षात मी तो मांडीवर घेऊन बसले. दहा-बारा किलोंचं ओझं, आणि बहुतेक वजन एकाच बाजूला, कारण ट्रान्सफॉर्मर एका कडेला बसवलेला असतो. झोपलेलं मूल जसं एका अंगावर कलंडतं तसा तो प्रत्येक वळणावर माझ्या कुशीत येत होता. लुगड्याला डांबराच्या गोळ्यांचा वास होता, आणि त्याखाली लोखंडाचा, धुळीचा, खाऱ्या वाऱ्याचा.

काकीने त्याला कधी रेडिओ म्हटलं नाही, रिसीव्हर तर नाहीच. तिच्या लेखी तो 'सॅन्सुई'. घरातल्या माणसाचं नाव घ्यावं तसं ती ते घ्यायची. १९७७ साली काकांनी तो सिंगापूरच्या बंदरात घेतला. काका बोटीवर होते. आमच्या किनाऱ्यावर एवढं सांगितलं की पुरतं. बोटीवर म्हणजे वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रात, आणि घरी आले की अंगणात खाट टाकून आकाशाकडे बघत पडणं. काका इंजिनरूममध्ये होते. सुट्टीवर आल्यावर पहिले काही दिवस ते इतक्या मोठ्याने बोलायचे की काकी दार लोटून घ्यायची.

सॅन्सुई या शब्दाचा अर्थ मला फार उशिरा कळला. जपानी भाषेत 'सान' म्हणजे डोंगर, 'सुई' म्हणजे पाणी. १९४७ साली टोकियोत ही कंपनी निघाली, आणि सुरुवातीला ती ट्रान्सफॉर्मर बनवायची. डोंगर आणि पाणी. चिंचणीच्या सुरूच्या बनात समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं की पाऊस उघडल्यावर पूर्वेला डोंगरांची निळी रेघ दिसते. मागे गाज, पुढे ती रेघ, मधे आमच्या वाड्या, बोईसरची स्टेशनवस्ती आणि कारखान्यांची धुराडी. इतक्या दूरच्या माणसांनी आपल्या यंत्राला ठेवलेलं नाव आमच्या पालघर जिल्ह्याला असं चपखल बसावं, याचा मला अजून आनंद वाटतो.

त्या काळात रेडिओचं लायसन पोस्टात जाऊन काढावं लागे. काकी दर वर्षी तारापूरच्या खाडीवरून वारा अंगावर घेत जायची आणि पुस्तिकेत शिक्का मारून आणायची. पण तिला सॅन्सुई हवा होता तो रेडिओसाठी नव्हे. त्याच्यासोबत काकांनी एक कॅसेट डेक आणला होता, आणि दुसरा छोटा टेपरेकॉर्डर स्वतःसोबत बोटीवर नेला होता. काकी चौथी शिकलेली. पत्र वाचायला तिला माझ्या आईकडे यावं लागे, आणि आईसमोर काही मजकूर ऐकणं तिला जड जाई. म्हणून काका कॅसेट पाठवायचे. दोन-तीन महिन्यांनी सुट्टीवर येणाऱ्या कोणा खलाशाच्या हाती पुडकं यायचं. त्या रात्री काकी दार लावून घ्यायची. मी लहान, त्यामुळे मला आत राहायची मुभा होती.

काकांना बोलायचं सुचत नसे. "आज वरण-भात केला होता. आचारी मंगळूरचा आहे. इथं थंडी आहे." मग थांबायचे. त्या थांबण्यात इंजिनाचा घुमारा ऐकू यायचा, खोल आणि न तुटणारा. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. मी कंटाळून काकीकडे बघायचे. ती मात्र काका बोलत असताना जशी ऐकायची तशीच तेव्हाही ऐकत असायची. मान किंचित तिरपी, हात मांडीवर. मग काका खाकरायचे आणि म्हणायचे, "बरं, माडांना पाणी घालताय ना?"

पुढे मी डिप्लोमा केला आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत इन्स्ट्रुमेंट विभागात लागले. टाकीत पातळी किती, पाइपात दाब किती, हे लांबच्या कंट्रोल रूमला कळवणाऱ्या तारा आमच्या ताब्यात असतात. त्या तारांतून आकडा विजेच्या रूपाने जातो. टाकी पूर्ण भरली की २० मिलिअँपिअर. रिकामी झाली की ४. शिकत असताना मी सरांना विचारलं होतं, रिकाम्या टाकीला शून्य का नाही द्यायचं? ते म्हणाले, शून्य आलं तर टाकी रिकामी आहे की तार तुटली, हे तुला कसं कळेल? म्हणून रिकामपणालाही थोडी वीज द्यायची. याला लाइव्ह झीरो म्हणतात. वहीत मी त्यापुढे मराठीत लिहून ठेवलं होतं, 'जिवंत शून्य'. लिहिताना माझ्या कानात काकांचं ते थांबणं होतं.

रिसीव्हर टेबलावर ठेवून मी दोन दिवस त्याला वीज दिली नाही. पंधरा वर्षं उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम ताट वाढत नाहीत. झाकणाचे स्क्रू गंजले होते, त्यांना तेल देऊन रात्रभर ठेवलं. झाकण निघालं तेव्हा आत कोळ्याची जाळी, पालीची दोन रिकामी अंडी आणि धुळीचा राखाडी गालिचा. रंगवायच्या मऊ ब्रशने ती झाडली. त्या काळच्या जपानी यंत्रांत मोठे कंडेन्सर हलू नयेत म्हणून पायाशी पिवळट गोंद लावलेला असे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो तपकिरी होतो, ओल धरतो, मग त्यातून वीज झिरपते आणि शेजारच्या तारा खाल्ल्या जातात. इथे तो होता, पण अजून पिवळाच होता. तरी मी तो सुरीच्या टोकाने खरवडून काढला.

मग सिरीज बोर्ड. ज्याने रेडिओ दुरुस्तीचं एकही दुकान आतून पाहिलं आहे त्याला हा लाकडी बोर्ड माहीत असतो: एक बल्बचा होल्डर, एक सॉकेट, आणि विजेची वाट अशी की ती आधी बल्बातून जाते आणि मगच यंत्रात. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो, यंत्र वाचतं. यासाठी तारेचा जुना बल्बच लागतो, एलईडी चालत नाही. बोईसर स्टेशनजवळच्या दुकानदाराने शिडी लावून माळ्यावरून १०० वॉटचा एक काढून दिला. फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली आणि विचारलं, "कोणाचा रेडिओ?"

बटण दाबलं. बल्ब एकदम उजळला आणि माझं काळीज हललं. पण पुढच्याच क्षणी तो मंदावत गेला, निखाऱ्यावर राख चढावी तसा, आणि तार नुसती तांबूस राहिली. म्हणजे कंडेन्सर भरले गेले, शॉर्ट नाही. तबकडीमागे दिवे लागले, सातांपैकी चार. ट्रान्सफॉर्मरचा बारीक घुमारा सुरू झाला. आणि चार-पाच सेकंदांनी आतून आवाज आला: टक्.

हा 'टक्' रिलेचा. स्पीकरकडे जाणारी वाट तो अडवून उभा असतो. आतल्या सर्किटने चाचपून पाहिलं की बाहेर पडणाऱ्या तारेवर नको ती एकदिश वीज नाही, सगळं जागेवर आहे, की मगच तो वाट मोकळी करतो. एखादा ट्रान्झिस्टर जळलेला असता तर तो गप्पच राहिला असता. पंधरा वर्षांनी त्या यंत्राने स्वतःला तपासलं आणि 'मी बरा आहे' असं सांगितलं. मी टेबलाशी उभी होते ती खुर्चीवर बसले.

पण आवाज नव्हता. व्हॉल्यूम पूर्ण उघडला, तबकडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. खरखर नाही, शिट्टी नाही, काही नाही.

अशा वेळी आमच्या धंद्यात पहिली गोष्ट करायची ती कान स्पीकरच्या कापडाला लावायची. पाऊस कौलांवर वाजत होता, म्हणून मी खिडकी लावली, पंखा बंद केला आणि श्वास धरला. होता. अगदी पातळ 'स्स्स', तांदूळ सुपातून ओतताना लांबून ऐकू यावा एवढा. तारा तुटलेल्या स्पीकरची शांतता अशी नसते. ती दगडासारखी असते, तिला तळ नसतो. ही जागी होती.

मग जुन्या मेकॅनिकांची युक्ती. स्क्रूड्रायव्हरच्या पात्याला बोट लावून ते टोक व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला टेकवायचं. आपलं शरीर घरभर पसरलेल्या विजेच्या तारांचा घुमारा सतत झेलत असतं, तो बोटातून आत जातो आणि स्पीकरमध्ये 'भूंऽऽ' होतो. डावीकडे झाला, उजवीकडेही झाला. म्हणजे व्हॉल्यूमपासून स्पीकरपर्यंतचा रस्ता मोकळा. आवाज अडला होता तो त्याच्या अलीकडे कुठेतरी. पुढचे चार दिवस, ड्यूटी संपल्यावर रात्री एकेक पर्यंत, मी ट्यूनरचा एक-एक टप्पा मीटरने तपासत बसले. सप्लाय बरोबर, ट्रान्झिस्टर बरोबर. सगळं बरोबर आणि तरी मूक.

पालघरला एक रेडिओवाले आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. शाळेत असताना सुट्टीत मी त्यांच्या दुकानात बसून सोल्डर मारायला शिकले. कथलाच्या तारेतली राळ जळते त्याचा वास मला अजूनही देवळातल्या धुपासारखा वाटतो. सुट्टी होती म्हणून मी त्यांच्याकडे गेले तो दिवस १४ ऑगस्ट. गाडीतून उतरल्यावर ध्यानात आलं. १९४२ साली याच तारखेला पालघरच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या दिवशी गाव आजही बाजार बंद ठेवून त्यांना मानवंदना देतं. मी पाचबत्तीच्या चौकात गर्दीत थोडा वेळ उभी राहिले आणि मग अण्णांच्या घरी गेले. दुकान बंद असल्याने त्यांना वेळ होता. डोळ्यांत मोतीबिंदू, हात थरथरणारे, पण माझी सगळी हकिगत त्यांनी न तोडता ऐकली. व्होल्टेजचे आकडे सांगायला लागले तेव्हा मात्र हाताने थांबवलं.

"ते राहू दे. शेवटी कोण ऐकत होतं?"

"काकी असेल."

"काय ऐकत होती?"

मला सांगता येईना.

"मशीनला काय झालंय ते मागून बघ. त्याच्याशी शेवटी कोण बसलं होतं, काय करत होतं, ते आधी विचार. माणूस जिथे उठून गेला तिथेच मशीन थांबलेलं असतं."

मी त्यांच्या ओटीवरूनच काकीला फोन लावला. शेवटी काय ऐकत होतीस गं? पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुझ्या काकांच्या कॅसेटी."

काका गेल्यानंतर तिने त्या पेटीतून काढल्या होत्या. काही महिने रोज रात्री एक. मग डेकमधला रबरी पट्टा वितळून चिकट झाला. कोणीतरी डेक दुरुस्तीला नेला, तो परत आलाच नाही. त्या दिवसापासून सॅन्सुईतून आवाज यायचा बंद झाला. काकीला वाटलं, तोही गेला.

बोईसरला परतीच्या गाडीत मला बसायला जागा होती, पण मी दारात उभी राहिले. उत्तर कळलं होतं.

रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर व्हॉल्यूमच्या बाजूला तीन बटणं एका ओळीत असतात. त्यातलं एक 'टेप मॉनिटर'. ते दाबलं की आत येणारा रेडिओचा आवाज थेट पुढे न जाता मागच्या जॅकमधून बाहेर डेककडे पाठवला जातो, आणि डेककडून जे परत येईल तेच स्पीकरला मिळतं. डेकच नसेल तर काहीच परत येत नाही. यंत्र ठणठणीत असतं, रेडिओ आत बोलत असतो, फक्त त्याला बाहेर येऊ दिलेलं नसतं. धूळ आणि मिठाच्या पापुद्र्याने ती तिन्ही बटणं सारखीच दिसत होती. नखाने चाचपलं तर मधलं तीनेक मिलिमीटर आत होतं.

पंधरा वर्षं सॅन्सुई त्या डेककडून काही येईल म्हणून वाट बघत बसला होता.

बटण सहज सुटलं नाही. खटक्यात एक थेंब तेल सोडून, अंगठा आणि तर्जनीने हलवत हलवत ते बाहेर आलं. आणि उजव्या स्पीकरमधून, खरखरीच्या गर्दीतून, एक बाई मराठीत भाताच्या लावणीबद्दल बोलत होती. डावा स्पीकर गप्पच.

आता कारण माहीत होतं, म्हणून घाई नव्हती. स्विचच्या पत्र्याच्या कड्या वाकवून मी तो उघडला. आतल्या स्पर्शपट्ट्या चांदीचा मुलामा दिलेल्या असतात, कारण वीज वाहून न्यायला चांदीसारखा धातू नाही, तांबंसुद्धा तिच्यामागे. त्या पट्ट्या काळ्या झाल्या होत्या, काजळीसारख्या. हा गंज नव्हे. आमच्या खाडीला ओहोटी लागली की उघड्या पडलेल्या काळ्या चिखलाचा कुजट वास येतो. त्या चिखलात हवा पोचत नाही, तिथले सूक्ष्म जीव समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांतून गंधक वेगळं करतात आणि त्याचा वायू वर येतो. तो वायू चांदीला शोधत येतो म्हटलं तरी चालेल. चांदी आणि गंधक जुळलं की हा काळा पापुद्रा तयार होतो. तो मऊ असतो. बटण रोज दाबलं जात असेल तर पट्ट्या एकमेकींवर घासून तो आपोआप पुसला जातो. न हलवलेल्या स्विचवर मात्र तो थरावर थर चढत राहतो.

काकीच्या पेटीत तळाशी फडक्यात बांधलेली तिची जोडवी आहेत. काका गेले त्या दिवशी पायातून काढलेली. एकदा काही शोधताना ती माझ्या हाताला लागली होती, अशीच काळी. माझ्या आईच्या पायातली, त्याच सोनाराकडची, त्याच वर्षीची, अजून पांढरीशुभ्र आहेत. आई ती कधी घासत नाही, नुसती चालते.

कारखान्यातून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि वहीच्या कागदाच्या अरुंद पट्ट्या. कागद भिजवायचा, दोन पट्ट्यांच्या मधे सरकवायचा, दाबायचा, ओढायचा. पहिला कागद काळा निघाला, दुसरा तपकिरी. अकरावा पांढरा आला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. स्विच परत बंद करून तीस वेळा दाबला आणि सोडला. मग वीज दिली. टक्. डावीकडूनही आवाज आला.

तबकडीच्या दोरीने मात्र मला सगळ्यात जास्त दमवलं. ट्यूनिंगची मूठ फिरवली की काटा सरकतो तो एका बारीक दोरीने, आणि ती दोरी चार कप्प्यांवरून, एका स्प्रिंगमधून, मोठ्या चाकाला दोन वेढे घेऊन जाते. ती कुजली होती. घरात मासे धरायचा तंगूस होता, तो ओवून पाहिला. तंगूस गुळगुळीत असतो आणि ताण दिला की लांबतो, काटा हातामागे रेंगाळू लागला. शेवटी डहाणू लोकलने मुंबई सेंट्रलला उतरून लॅमिंग्टन रोडला गेले. तिथे एका जिन्याखालच्या दुकानात विणलेली खरी दोरी मिळाली आणि तबकडीचे तीन दिवेही. दोरी ओवताना दोन हात पुरत नाहीत. एक टोक दातात धरलं, एक वेढा अंगठ्याखाली. जाळं विणणाऱ्या बायका पायाचा अंगठा वापरतात ते आठवलं आणि मीही तसंच बसले, जमिनीवर, रिसीव्हर पुढ्यात घेऊन. सातव्या खेपेला काटा जागेवर आला. ५५८ किलोहर्ट्झची अस्मिता तबकडीवर जिथे असायला हवी, तिथेच लागली.

एका संध्याकाळी मी टी आकाराची तारेची अँटेना खिडकीत टांगून एफएमचं बटण दाबलं. काकांनी हा रिसीव्हर आणला त्याच वर्षी, १९७७च्या जुलैत, देशातलं पहिलं एफएम प्रक्षेपण मद्रासला सुरू झालं होतं. मुंबईला अजून कितीतरी अवकाश होता. ८८ ते १०८ आकड्यांची ती लांबलचक पट्टी आमच्याकडे वर्षानुवर्षं नुसती फुरफुरायची. मी लहानपणी विचारलं होतं, काका, हे कशाला दिलंय मग? ते म्हणाले होते, "पुढे येईल काहीतरी. जागा असू द्यावी." नव्वदच्या दशकात मुंबईच्या एफएमवर गाणी सुरू झाली तेव्हा ते कायमचे घरी आले होते. त्यांनी माडावर चढून तार बांधली होती.

बोईसरला मुंबईचे हे आवाज थकून पोचतात. शंभरेक किलोमीटरचं अंतर, आणि या लहरी डोळ्याच्या नजरेसारख्या सरळ जातात, वाटेतल्या टेकडीला वळसा घालत नाहीत. तरी एक केंद्र लागलं, आणि तबकडीच्या कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकला: स्टीरिओ. डावा आणि उजवा आवाज वेगळे करता यावेत म्हणून केंद्र १९ किलोहर्ट्झचा एक सूर सतत पाठवत असतं. माणसाच्या कानाला तो जवळजवळ ऐकूच येत नाही, रिसीव्हरला येतो. त्याच्या आधारावर तो दोन्ही बाजू उलगडतो आणि दिवा लावतो. ही पद्धत १९६१ साली अमेरिकेत मान्य झाली, झेनिथ आणि जनरल इलेक्ट्रिक या कंपन्यांनी सुचवलेली. त्याच जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. माझे बाबा तिथे नोकरीला होते. एकाच घराण्याची दोन कामं, एक घुमटाएवढं आणि एक मुगाच्या दाण्याएवढं, माझ्या घरापासून काही किलोमीटरच्या आत येऊन भेटली, हे बाबांना सांगायला मिळालं असतं तर त्यांनी चष्मा काढून तो दिवा जवळून पाहिला असता.

भाद्रपदात मी सॅन्सुई चिंचणीला परत नेला. माझ्याकडे ठेवायचा विचार मनात आला नाही असं नाही. पण दिवे लागल्यावर तो माझ्या टेबलावर परका दिसायला लागला.

काकीने पाट पुसून ठेवला होता. आम्ही तो माजघरातून ओटीवर आणला, समुद्राच्या बाजूला. पहिली दोन मिनिटं ती दिव्यांकडेच बघत राहिली. मी तिला मध्यम लहरी लावून दिल्या. दिवसा चिंचणीला मुंबई केंद्र चांगलं येतं. प्रक्षेपणाचे खांब मालाडच्या बाजूला, मधे खाड्या आणि खारी, ओली जमीन, आणि खाऱ्या पाण्यावरून या लहरी फारशा न दमता चालत येतात. रात्री तर त्या आणखी लांबून येतात. सूर्य मावळला की वातावरणातला त्यांना शोषून घेणारा खालचा थर विरतो, मग त्या आणखी वरच्या थरावर आदळून शेकडो मैलांवर उतरतात. माझ्या लहानपणी काकी रात्री काटा हळूहळू सरकवायची आणि अरबी बोलणं लागलं की थांबायची. एक अक्षर कळायचं नाही. "तुझे काका त्या बाजूला आहेत," एवढंच म्हणायची, आणि ऐकायची.

कॅसेट्स तिने माझ्याकडे दिल्या आहेत. नऊ आहेत. फितीवर पांढरी बुरशी चढली आहे, ती मी एकेक उलगडून पुसते आहे. डेकही शोधते आहे. दोन पुसून झाल्या. एका जुन्या वॉकमनवर त्यांतली एक थोडी लावून पाहिली. काकांचा आवाज नव्हे, नेमका तो घुमारा लागला. इंजिनाचा म्हणून लहानपणी जो ऐकला, त्यात बोटीच्या विजेचाही सूर आहे. बहुतेक बोटींवर वीज सेकंदाला ६० वेळा कंप पावते, आपल्या घरात ५० वेळा. ५०ला षड्ज धरला तर ६० म्हणजे कोमल गंधार. तेव्हा माजघरात काकांची कॅसेट लागायची आणि ते बोलायचे थांबायचे तेव्हा सॅन्सुईच्या ट्रान्सफॉर्मरचा सा आणि बोटीचा कोमल ग, दोन्ही एका वेळी त्या खोलीत असायचे. हे मी काकीला सांगितलं. तिने मान हलवली, जणू तिला ते ठाऊकच होतं.

रेडिओवर बातम्या संपून नाट्यगीत सुरू झालं होतं. काकी उठली, सॅन्सुईपाशी गेली. बोट तीन बटणांवरून फिरलं आणि मधल्यावर थांबलं. तिने ते आत दाबलं.

गाणं थांबलं. तबकडीचे सातही दिवे तसेच होते. बाहेर भरती होती. मी पुढे होऊन सांगणार होते की काकी, ते बटण दाबलं की रेडिओ बंद होतो. पण ती पाटाशेजारी खाली बसली होती, मान किंचित तिरपी, हात मांडीवर.

"असंच व्हायचं," ती म्हणाली. "ते बोलता बोलता थांबले की."

मी बटणाला हात लावला नाही.